तळेगावची काच आणि १९३५ चा सोडा

काचेचा कारखाना म्हटलं की नाशिककरांना सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या बाटल्या आठवतात. पण महाराष्ट्रात आधुनिक पद्धतीची काच व्हायला लागली त्याच्या कितीतरी आधी. १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला माणशी एक पैसा गोळा करून उभारलेल्या निधीतून कारखाना निघाला. माल विकण्याइतकंच शिकाऊ मुलांना काम शिकवणं हाही त्याचा हेतू होता. काचारी लोक गावोगाव बांगड्या करत होतेच. तो धागा सातवाहन काळापर्यंत मागे जातो.

तळेगावची मुख्य सोय म्हणजे मुंबई-पुणे रेल्वे. गोदावरीची काय किंवा इंद्रायणीची काय, आपली वाळू बेसाल्टची, आणि बेसाल्टमध्ये लोह दहा टक्क्यांच्या वर. पांढऱ्या काचेच्या वाळूत हजारात एक भाग लोहसुद्धा जास्त होतं, काचेला हिरवी झाक येते. मँगनीज डायऑक्साइड घालून ती मारता येते, पण थोडं जास्त पडलं की काच जांभळट होते. म्हणून देशातल्या कारखान्यांची भिस्त अलाहाबादकडच्या पांढऱ्या वाळूवर राहिली. भट्टीतल्या मातीच्या कुंड्या महिनोन्‌महिने वाळवाव्या लागत. ओल राहिलेली कुंडी भट्टीत तडकते आणि वितळलेल्या काचेचा सगळा रस खाली जातो.

१९१४ च्या युद्धाने ऑस्ट्रियाच्या बांगड्या आणि जर्मन माल थांबला. १९१६ मध्ये कराडजवळ ओगलेवाडीला काम सुरू झालं; तिथले कंदील पुढे घराघरात गेले. युद्ध संपल्यावर मात्र जपानी माल स्वस्तात ओतला जाऊ लागला. संरक्षक जकातीची, म्हणजे देशी धंदा वाचवण्यासाठी परदेशी मालावर बसवायच्या कराची मागणी झाली, चौकशी झाली आणि १९३२ च्या अहवालाने संरक्षण द्यावं अशी शिफारस केली. १९३५ मध्ये सरकारने ती फेटाळली. कारण दिलं सोड्याचं: सोडा ॲश (काच वितळवायला लागणारा धुण्याचा सोडा) देशात होत नाही, म्हणजे धंद्याला कच्च्या मालाचा नैसर्गिक आधार नाही.

हे कारण तपासायला भट्टीचं मिश्रणच पाहावं. वाळू १०० भाग, सोडा ॲश ३५ ते ४०, चुनखडी १५ च्या आसपास. नुसती वाळू वितळायला १७०० अंश सेल्सिअस लागतात. सोड्यामुळे १४०० च्या आसपास काम भागतं. सोडा वाढवला तर रस लवकर होतो, पण तो कुंडी खातो, आणि तयार माल दमट हवेत पांढुरका पडतो. चुनखडी वगळली तर काच पाण्यात विरघळते. म्हणजे सोड्याला पर्याय नव्हता, हे खरं. लोणारच्या सरोवरातून पापडी, डल्ला असे खार निघत, पण कारखान्याच्या भुकेपुढे ते तुटपुंजे. तरीही आयात होणारी वस्तू मिश्रणात वजनाने जेमतेम पाव. वाळू, चुनखडी, कोळसा, मजुरी सगळं इथलं. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांचा तर सगळा कापूस बाहेरून येई. त्या धंद्याला नैसर्गिक आधार नाही असं कोणी म्हटलं नाही. हा निकष काचेवर चुकीचाच लावला गेला.

भरपाई म्हणून आयात सोड्यावरच्या जकातीत सूट मिळाली. तिने मिश्रण थोडं स्वस्त झालं. पण कंदिलाच्या जपानी चिमणीवर नि बांगडीवर संरक्षक जकात बसलीच नाही, आणि छोट्या भट्ट्यांना खरी झळ तिथूनच लागत होती. चार वर्षांनी, १९३९ मध्ये, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिठापूरला सोडा ॲशच्या कारखान्याची उभारणी सुरू झाली. आज देशातला बहुतेक सोडा ॲश गुजरातच्याच किनाऱ्यावर तयार होतो.