धमनीच्या फाट्यावरचा फुगा: कॉइलला टेकू देणारा स्टेंट आणि प्रवाह वळवणारा स्टेंट

मेंदूच्या धमनीवर फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, असल्याचा अहवाल हाती पडला की गोव्यातल्या बहुतेक घरांत पहिली तुलना हृदयाच्या स्टेंटशी होते, कारण तो बसवलेला कोणी ना कोणी नात्यात किंवा शेजारात असतोच. ही तुलना फार दूर जात नाही. हृदयातला स्टेंट अरुंद झालेली धमनी उघडी ठेवतो. मेंदूतल्या फुग्यासाठी स्टेंट ज्या धमनीत बसतो ती सहसा अरुंद झालेलीच नसते. खरा घोळ त्यापुढचा आहे. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात असो वा पुढे मुंबई-बेळगावला, ‘स्टेंट घालावा लागेल’ असे डॉक्टर सांगतात तेव्हा त्यातून दोन निराळी साधने सूचित होऊ शकतात, आणि फुगा धमनीच्या फाट्यावर असेल तर त्यांतले कोणते, यावर उपचाराचे सारे गणित बदलते.

पहिले साधन कॉइलला टेकू देणारा स्टेंट. फुग्याचे तोंड रुंद असेल तर आत भरलेल्या प्लॅटिनमच्या बारीक तारा, म्हणजे कॉइल, धमनीत घसरण्याची भीती असते. ती घसरण अडवण्यापुरतेच या स्टेंटचे काम असते. त्याची जाळी विरळ असते. लेसरने कापून केलेल्या प्रकारांत धातू धमनीच्या भिंतीचा साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी भाग झाकतो. फुगा बंद करतात त्या कॉइल, स्टेंट नव्हे.

दुसरे साधन फ्लो डायव्हर्टर. बाहेरून तीही जाळीची नळीच, पण वीण दाट: पाइपलाइन या सर्वांत परिचित साधनात ४८ तारा विणलेल्या असतात आणि धातूचे आच्छादन ३० ते ३५ टक्के असते. येथे जाळी हाच उपचार असतो. रक्ताचा झोत धमनीतून सरळ पुढे जातो, फुग्यातले रक्त मंदावून गोठते, आणि जाळीवर धमनीचे नवे अस्तर चढून फुग्याचे तोंड मिटते. हे एका दिवसात होत नाही. अंतर्गत कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीवरच्या मोठ्या फुग्यांच्या ज्या अभ्यासाच्या आधारे अमेरिकेत २०११ साली पाइपलाइनला मान्यता मिळाली, त्यात सहा महिन्यांनी सुमारे ७४ टक्के, वर्षाने ८७ टक्के आणि पाच वर्षांनी ९५ टक्के फुगे पूर्ण बंद झालेले आढळले.

हे आकडे मोहात पाडणारे आहेत, पण ते धमनीच्या कुशीवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, आलेल्या फुग्यांचे आहेत, आणि फाट्यावरच्या फुग्याला ते जसेच्या तसे लावणे मला चुकीचे वाटते. कारण समजायला मांडवीचा काठ डोळ्यांसमोर आणावा. काठाच्या एखाद्या बंद खळग्यापुढे दाट कुंपण रोवले तर आतले पाणी निवते आणि खळगा गाळाने भरतो. पण त्याच कुंपणामागून एखादा ओहोळ पुढे शेताकडे वाहत असेल, तर तो कुंपणातूनही पाणी ओढतच राहतो. कुशीवरचा फुगा हा असा बंद खळगा आहे. फाट्यावर मात्र जाळी मुख्य धमनीतून एका शाखेत जाते आणि दुसरी, जिवंत शाखा तिच्याखाली झाकली जाते. त्या शाखेवर अवलंबून असलेला मेंदूचा भाग रक्त ओढत राहतो. शाखा फुग्याच्या तोंडाजवळूनच किंवा फुग्यातूनच निघत असेल, तर तिच्याकडे जाणारे रक्त फुग्यातून फिरून जाते आणि फुगा उघडाच राहू शकतो. उलट त्या भागाला दुसरीकडून पुरवठा मिळत असेल, तर शाखा हळूहळू बारीक होते, कधी पूर्ण बंद होते, आणि रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून फाटा कोणता, हे महत्त्वाचे. कॅरोटिड धमनीच्या टोकाशी मेंदूच्या पुढच्या भागाकडे जाणारी शाखा झाकली गेली तरी पलीकडच्या बाजूने जोडधमनीमार्गे रक्त येऊ शकते, अर्थात ती जोडधमनी नीट वाढलेली असेल तर. मेंदूच्या बाजूच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मध्य मस्तिष्क धमनीच्या दुफाट्यावर असा भरवशाचा पर्याय नसतो; मेंदूच्या पृष्ठभागावरच्या बारीक जोडण्या माणसागणिक कमी-अधिक असतात, आणि झाकलेली शाखा आकसली तर अर्धांगवायूची किंवा बोलणे अडखळण्याची शक्यता उरते. मेंदूच्या मागच्या बाजूच्या बॅसिलर धमनीच्या शिरोभागी मेंदूच्या खोल भागात जाणाऱ्या केसासारख्या शाखांची चिंता त्याहून मोठी. विरळ जाळीच्या स्टेंटला ही भीती फारशी नसते, त्यामुळे गरज पडल्यास दोन स्टेंट इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात दोन्ही शाखांत बसवता येतात. त्याची उणीव वेगळी आहे: फाट्यावर रक्ताचा मारा समोरून बसतो, कॉइल काळाने दबतात आणि फुगा पुन्हा भरू लागतो.

दोन्हींसाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, बहुधा ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, आधीपासून सुरू कराव्या लागतात आणि नंतर कित्येक महिने चालतात. दाट जाळीत धातू अधिक असल्याने तेथे हयगय अधिक महाग पडते. चवथीला गावच्या घरी गेलेल्या माणसाची औषधांची डबी पणजीतच राहणे, किंवा दात काढायचा म्हणून कोणाला न विचारता गोळ्या थांबवणे, या आपल्याकडे घडणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्यांतून जाळीत गुठळी होऊ शकते. शिवाय क्लोपिडोग्रेल सर्वांवर सारखे काम करत नाही, म्हणून काही ठिकाणी आधी रक्तचाचणी करतात. फुगा नुकताच फुटलेला असेल तर हाच मुद्दा उलट फिरतो: अशा गोळ्यांनी पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो आणि फ्लो डायव्हर्टर तत्काळ संरक्षणही देत नाही, त्यामुळे तेव्हा त्याची निवड सहसा टाळतात.

फाट्यावरच्या रुंद तोंडाच्या फुग्यासाठी आता वेब नावाचे विणलेले साधनही आहे. ते धमनीत न राहता फुग्याच्या आतच बसते, म्हणून दोन गोळ्यांचे दीर्घकाळचे बंधन बहुधा टळते. आणि मध्य मस्तिष्क धमनीच्या दुफाट्यावर कवटी उघडून फुग्याच्या मुळाशी चिमट्यासारखी क्लिप लावणे, हा जुना मार्ग आजही अनेक न्यूरोसर्जनांच्या यादीत वरच आहे, कारण तेथे फुगा तुलनेने हाताशी असतो आणि दोन्ही शाखा डोळ्यांनी पाहून वाचवता येतात.