कचऱ्याच्या डब्यापासून स्टॅन्ली कपपर्यंत : कॅपिटल्सची ४४ वर्षं

वॉशिंग्टन कॅपिटल्सच्या प्लेअर्सनी पहिला 'स्टॅन्ली कप' १९७५ च्या मार्चमध्येच उचलला होता, फक्त तो कप नव्हता, कचऱ्याचा डबा होता. झालं असं की १९७४ ला एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या हॉकीच्या लीगमध्ये, नव्याने आलेली ही टीम पहिल्या सीझनला ८० पैकी ८ मॅच जिंकली, ६७ हरली, आणि बाहेरगावी सलग ३७ वेळा मार खाल्ल्यावर एकदाची कॅलिफोर्नियात एक मॅच मारली. मग काय, डब्यावर सह्या केल्या आणि तोच कप समजून मिरवला. खरा कप हाताला लागेपर्यंत २०१८ साल उजाडलं.

हॉकी म्हणजे इथे बर्फावरची बरं का, स्केट्स घालून खेळतात ती, बॉलच्या जागी रबराची चपटी चकती, तिला पक म्हणतात. आणि स्टॅन्ली कप म्हणजे कॅनडाचा गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्लीने १८९२ मध्ये दिलेली ट्रॉफी. दरवर्षी नवी बनवत नाहीत, तीच फिरते, जिंकणाऱ्यांची नावं तिच्यावर कोरतात, आणि सुट्टीत प्रत्येक प्लेअरला एक दिवस ती आपल्या गावी न्यायला मिळते. मिळवायची कशी तर सीझन संपल्यावर १६ टीमचे प्लेऑफ, चार राउंड, प्रत्येक राउंडला जो आधी चार मॅच जिंकेल तो पुढे. म्हणजे १६ विजय, दोन महिने, आणि तोवर अर्धी टीम कुठे ना कुठे दुखावलेली.

या प्लेऑफनेच कॅपिटल्सना छळलं. १९८७ ला न्यूयॉर्क आयलँडर्सविरुद्ध ३-१ ने पुढे होते, तिथून सिरीज सातव्या मॅचपर्यंत गेली, ती मॅच चार ओव्हरटाइम (बरोबरी सुटेपर्यंतचा जादा वेळ) चालली, रात्रीचे जवळपास दोन वाजले आणि शेवटी हरले. १९९८ ला पहिल्यांदा फायनल गाठली तर डेट्रॉइटने सरळ ४-० ने धुतलं. आणि शेजारच्या पिट्सबर्ग पेंग्विन्सचं तर विचारूच नका, २०१८ च्या आधी दोघांच्या दहा प्लेऑफ सिरीज झाल्या त्यातल्या नऊ पिट्सबर्गने घेतल्या. त्याहून चीड आणणारी गोष्ट अशी की १९९१, ९२, २००९, १६ आणि १७ हे पाचही कप पिट्सबर्गने वाटेत वॉशिंग्टनला हरवूनच जिंकलेत. म्हणजे यांना चिरडल्याशिवाय त्यांचा कप पूर्णच होत नव्हता.

अ‍ॅलेक्स ओव्हेच्किन कॅपिटल्सकडे आला तो २००४ च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने नवे प्लेअर निवडतात तो), पहिल्या नंबरवर. आई तात्याना बास्केटबॉलची दोन वेळची ऑलिम्पिक गोल्ड मेडलिस्ट, तिच्याच ८ नंबरची जर्सी हा घालतो. पुढचा सीझन लॉकआउटमध्ये (मालक आणि प्लेअर्सच्या वादात लीगच बंद) वाहून गेला म्हणून २००५ ला उतरला, आणि नेमका त्याच वर्षी पिट्सबर्गकडे सिडनी क्रॉस्बी. दोघांची तुलना पहिल्या दिवसापासून. गोल ओव्हेच्किनचे, कप क्रॉस्बीचे, असंच वर्षानुवर्षं चाललं. २०१० ला कॅपिटल्स लीगमध्ये १२१ पॉइंट्स घेऊन टॉपला आणि पहिल्याच राउंडला मॉन्ट्रियलने घरी पाठवलं, तेही ३-१ ची आघाडी घालवून. त्या सिरीजच्या सहाव्या मॅचला मॉन्ट्रियलचा गोलकीपर हलाक याने ५३ शॉट अडवले, आता यात ओव्हेच्किनने काय करायचं होतं सांगा. पण लोकांनी शिक्का मारला तो मारलाच, मोठ्या मॅचला कच खाणारा कॅप्टन. २०१६ आणि २०१७ ला परत लीगमध्ये टॉप, परत दुसऱ्या राउंडला पिट्सबर्ग, परत घरी.

मला विचाराल तर गंमत पुढेच आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात टीम मोडायला लागली. विल्यम्स, शॅटनकर्क, अल्झनर गेले, योहान्सनला ट्रेड केलं, आणि नेट श्मिट गेला वेगास गोल्डन नाइट्स या कोऱ्या करकरीत टीमकडे, कारण नवीन टीमला बाकीच्यांकडून एकेक प्लेअर उचलायची मुभा होती. सगळे म्हणाले संपलं, यांची वेळ गेली. आणि त्याच उरल्यासुरल्या टीमने कप आणला! भारी टीम असताना तीन वेळा लीग टॉप करून जे जमलं नाही ते १०५ पॉइंट्सवाल्या टीमला जमलं.

तेही सोपं नव्हतं. पहिल्याच राउंडला कोलंबसविरुद्ध घरच्या दोन मॅच ओव्हरटाइममध्ये घालवल्या, मेन गोलकीपर होल्टबी फॉर्म गेल्यामुळे सुरुवातीला बेंचवर, तिसरी मॅच डबल ओव्हरटाइमला लार्स एलरने काढली म्हणून वाचले, मग ओळीने सगळ्याच जिंकल्या. दुसऱ्या राउंडला अर्थात पिट्सबर्ग. निर्णायक सहाव्या मॅचला कॅपिटल्सच्या बॅकस्ट्रॉमचा हात दुखावलेला, विल्सन सस्पेंड, दोघेही बाहेर, आणि तरी ओव्हरटाइममध्ये कुझनेत्सोव्हने गोल मारला आणि ते भूत उतरलं. तेरा सीझन खेळलेला ओव्हेच्किन आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या राउंडच्या पुढे गेला. तिसऱ्या राउंडला टॅम्पाविरुद्धच्या शेवटच्या दोन मॅचमध्ये होल्टबीने एकही गोल होऊ दिला नाही, तोच होल्टबी ज्याला महिनाभरापूर्वी बसवलं होतं.

फायनलला समोर वेगास, पहिल्याच वर्षी फायनल गाठलेली टीम, आणि तिचा जनरल मॅनेजर जॉर्ज मॅकफी. हा तोच मॅकफी ज्याने १९९७ ते २०१४ कॅपिटल्स सांभाळली, ओव्हेच्किन, बॅकस्ट्रॉम, होल्टबी, कुझनेत्सोव्ह सगळे याच्याच काळात ड्राफ्ट झालेले. स्वतः लावलेल्या झाडाची फांदी स्वतःच्या डोक्यात पडावी तसं झालं बिचाऱ्याचं. निर्णायक पाचव्या मॅचला वेगासकडून श्मिटनेसुद्धा गोल मारला. पण वॉशिंग्टनसाठी बरोबरी करून दिली स्मिथ-पेलीने, ज्याने अख्ख्या सीझनभरात ७ गोल केले होते आणि प्लेऑफमध्ये एकट्याने आणखी ७, आणि विनिंग गोल परत एलरचा. ४-३. एलर स्टॅन्ली कप जिंकणारा पहिला डॅनिश. ७ जून २०१८ ला ओव्हेच्किनने कप डोक्यावर धरून जी आरोळी ठोकली ती बघितली नसेल तर शोधून बघा, मग त्याने कप दिला बॅकस्ट्रॉमच्या हातात. बेस्ट प्लेअरची कॉन स्माइथ ट्रॉफीही ओव्हेच्किनलाच, १५ गोल.

कोच बॅरी ट्रॉट्झचाही हा पहिलाच कप, पण दोन आठवडेही झाले नाहीत तोवर कॉन्ट्रॅक्टवरून बिनसलं आणि राजीनामा देऊन तो गेला न्यूयॉर्क आयलँडर्सकडे. २०२० च्या प्लेऑफमध्ये कॅपिटल्सना ४-१ ने बाहेर कोणी काढलं असेल? ट्रॉट्झच्याच आयलँडर्सनी.