लुईव्हिलची आगबोट-परंपरा

अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लुईव्हिल या ओहायो नदीकाठच्या शहरात १८११ पासून चालत आलेली, वाफेच्या नदीबोटींची बांधणी, वाहतूक आणि जलविहार यांची परंपरा. १९१४ मध्ये बांधलेली ‘बेल ऑफ लुईव्हिल’ ही बोट ती आजही जिवंत ठेवून आहे. मिसिसिपी पद्धतीच्या, अजून नदीत चालणाऱ्या आगबोटींमध्ये ही सर्वांत जुनी मानली जाते.

हे शहर नदीतील एका अडथळ्यामुळे वसले. ओहायोच्या दीर्घ प्रवाहात ‘फॉल्स ऑफ द ओहायो’ या एकाच ठिकाणी पात्र खडकांवरून सुमारे तीन किमी अंतरात आठ मीटर खाली उतरते. पाणी कमी असताना हा द्रुतवाह ओलांडणे बोटींना अशक्य होई. माल उतरवून गाड्यांवर लादावा लागे आणि खालच्या अंगाला दुसऱ्या बोटीत पुन्हा भरावा लागे. १७७८ मध्ये अमेरिकन सेनानी जॉर्ज रॉजर्स क्लार्क यांच्याबरोबर आलेल्या वसाहतकऱ्यांची वस्ती याच थांब्यावर वाढत गेली.

निकोलस रूझवेल्ट यांची ‘न्यू ऑर्लिन्स’ ही पश्चिमेकडील, म्हणजे ओहायो-मिसिसिपीच्या, नद्यांवरची पहिली आगबोट ऑक्टोबर १८११ मध्ये पिट्सबर्गहून लुईव्हिलला आली आणि द्रुतवाहावर पुरेसे पाणी चढण्याची वाट पाहत तेथेच अडकून पडली. प्रवाहाबरोबर खाली जाणे कोणत्याही होडीला जमते, प्रवाहाविरुद्ध वर जाणे या बोटीला जमणार नाही, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. रूझवेल्ट यांनी त्यांना बोटीवर भोजनास बोलावले. जेवण चालू असताना बोट हलू लागली, तेव्हा नांगर सुटून आपण खडकांकडे वाहत चाललो आहोत या भीतीने पाहुणे वर धावले; बोट प्रत्यक्षात प्रवाहाविरुद्ध वर चालली होती. लुईव्हिलच्या जलविहारांचा आरंभ या फेरीपासून धरणे योग्य ठरेल. डिसेंबरमध्ये पाणी चढल्यावर बोट द्रुतवाह उतरून पुढे न्यू ऑर्लिन्सला गेली. १८१५ मध्ये कप्तान हेन्री श्रीव्ह यांनी चालवलेली ‘एंटरप्राइज’ ही आगबोट न्यू ऑर्लिन्सहून प्रवाहाविरुद्ध लुईव्हिलला पोहोचली आणि दोन्ही दिशांच्या वाहतुकीची शक्यता सिद्ध झाली. १८३० मध्ये खुल्या झालेल्या लुईव्हिल व पोर्टलंड कालव्याने द्रुतवाहाला वळसा दिला.

या बोटींनी तंबाखू, धान्य आणि कापूस वाहिला, तशीच माणसेही विक्रीसाठी वाहिली. लुईव्हिलच्या धक्क्यावरून गुलाम स्त्री-पुरुषांना दक्षिणेतील मळ्यांकडे बोटींनी पाठवले जाई. या परंपरेचा इतिहास सांगताना ही बाब वगळता येणार नाही.

मराठीतील ‘आगबोट’ हा शब्द मुख्यतः समुद्रातील बोटींमुळे रूढ झाला. कोकण किनाऱ्यावरील आगबोटींना खोल पाणी लागे, म्हणून अनेक बंदरांत त्या दूर उभ्या राहत आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर यावे लागे. ओहायो-मिसिसिपीच्या बोटींची घडण याच्या उलट आहे. त्यांचा तळ सपाट व उथळ असून बॉयलर आणि एंजिन पाण्याखालच्या तळघरात न ठेवता मुख्य डेकवरच बसवलेले असतात. ‘बेल’ला अवघे सुमारे दीड मीटर पाणी पुरते. बॉयलरमधील वाफ दोन बाजूंच्या आडव्या सिलिंडरांत जाते, तेथील दट्ट्याची पुढे-मागे होणारी गती लांब दांड्यांच्या द्वारे मागच्या मोठ्या चाकाला मिळते आणि चाकावरच्या लाकडी फळ्या पाणी मागे लोटतात. धक्का नसला, तरी असल्या बोटीला काठाला नाक लावून फळी टाकता येत असे.

बांधणीचे केंद्र समोरच्या, म्हणजे इंडियाना राज्याच्या, काठावर होते. जेफरसनव्हिल येथे जेम्स हॉवर्ड यांनी १८३४ मध्ये सुरू केलेला कारखाना शंभराहून अधिक वर्षे चालला. १८७८ ची ‘जे. एम. व्हाइट’ ही आपल्या थाटामाटासाठी प्रसिद्ध असलेली बोट तेथेच बांधली गेली. हॉवर्ड कुटुंबाच्या वाड्यात आता आगबोटींचे संग्रहालय आहे.

रेल्वेने मालवाहतूक हिरावून घेतल्यावर ज्या थोड्या बोटी तगल्या, त्या बहुतांशी जलविहारांवर तगल्या. ‘बेल’ची कहाणी हेच दाखवते. पिट्सबर्ग येथे ‘आयडलवाइल्ड’ या नावाने बांधलेली ही बोट प्रथम मेम्फिस येथे नदीपार ने-आण करणाऱ्या तरीचे काम करी. १९३१ मध्ये ती लुईव्हिलला आली आणि फाऊंटन फेरी उद्यान व वरच्या अंगाचे रोझ आयलंड यांच्या दरम्यान सहलींच्या फेऱ्या करू लागली. फाऊंटन फेरीत १९६४ पर्यंत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. रोझ आयलंड १९३७ च्या महापुरात उद्ध्वस्त झाले. दुसऱ्या महायुद्धात बोटीने तेलाचे बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू नावा) ढकलले. १९४८ मध्ये तिचे नाव ‘ॲव्हलॉन’ झाले आणि पुढे कित्येक वर्षे ती अनेक नद्यांवर गावोगाव फिरली. १९६२ मध्ये सिनसिनाटी येथे लिलावात निघालेली ही जीर्ण बोट लुईव्हिल ज्यात येते त्या जेफरसन परगण्याचे प्रमुख मार्लो कुक यांनी ३४,००० डॉलरना घेतली. सार्वजनिक पैशाने बोट घेण्याचा हा निर्णय दूरदृष्टीचा होता. तो झाला नसता, तर ती भंगारातच गेली असती.

१९६३ मध्ये ‘डेल्टा क्वीन’ या बोटीशी तिची पहिली शर्यत झाली आणि ती हरली. केंटकी डर्बी या लुईव्हिलच्या प्रसिद्ध घोड्यांच्या शर्यतीच्या आठवड्यातील ही बोटींची शर्यत पुढे शहराचा उत्सव बनली. विजेत्या बोटीला शिंगांचे मानचिन्ह मिळते, कारण पूर्वी सर्वांत वेगवान बोट हरणाची शिंगे मिरवीत असे. निघण्यापूर्वी वाफेच्या शिट्यांचे ‘कॅलिओपी’ हे वाद्य वाजवले जाते आणि त्याचे सूर काठावर दूरवर ऐकू जातात.

१९८९ मध्ये ‘बेल’ला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. द्रुतवाहात सापडलेल्यांना वाचवण्यासाठी १८८१ मध्ये येथे जीवरक्षक ठाणे स्थापन झाले होते. त्याची पुढे बांधलेली तरंगती इमारत आज ‘बेल’चा धक्का आणि कार्यालय म्हणून वापरली जाते.