'पाँग'मध्ये प्रोग्रॅम नव्हताच

'पाँग' म्हणजे दोन बॅट आणि एका चेंडूचा जुना आर्केड व्हिडिओ गेम. त्याचा कोड कोणी लिहिला? कोणीच नाही. १९७२ साली अटारी या अमेरिकन कंपनीतल्या इंजिनिअर अ‍ॅलन अल्कॉर्नने हा गेम उभा केला तेव्हा त्यात ना प्रोसेसर होता, ना प्रोग्रॅम. होतं ते फक्त टीटीएल चिप्सचं, म्हणजे एकेक ठरावीक काम करणाऱ्या साध्या चिप्सचं सर्किट: मोजणारे काउंटर, एक बिट लक्षात ठेवणारे फ्लिपफ्लॉप, हो-नाही ठरवणारे गेट. टीव्हीच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत एकेक रेष आखत खाली सरकतो. तो या क्षणी कुठे पोचलाय हे काउंटर मोजायचे, नेमक्या ठिकाणी सिग्नल वर जायचा आणि पांढरा ठिपका उमटायचा. तोच चेंडू.

अटारीचे संस्थापक नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी आदल्याच वर्षी 'कॉम्प्युटर स्पेस' या गेममध्ये हीच युक्ती वापरली होती. आधी त्यांच्या डोक्यात मिनीकॉम्प्युटर होता, पण तो परवडेना.

'पाँग'ची बॅट पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत पोचत नाही. हा सर्किटमधला दोष. अल्कॉर्नने तो मुद्दाम तसाच ठेवला, कारण नाहीतर दोन तरबेज खेळाडूंचा डाव संपलाच नसता. आवाजाचंही तसंच. बुशनेलला प्रेक्षकांचा जल्लोष हवा होता. अल्कॉर्नने टीव्हीच्या सिंक सर्किटमध्ये (झोताच्या रेषांचा ताल सांभाळणाऱ्या भागात) आयतेच मिळणारे सूर उचलले आणि विषय संपवला. माझ्या मते त्या टकटकीपुढे जल्लोष फिकाच पडला असता.

आर्केड गेममध्ये प्रोसेसर आला १९७५ मध्ये. टायटो या जपानी कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादोने बनवलेला 'वेस्टर्न गन' अमेरिकेत मिडवे कंपनीने इंटेल ८०८० या प्रोसेसरवर नव्याने बांधला, 'गन फाइट' नावाने. निशिकादोनेही मग तीच चिप घेतली. त्यातून १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स' निघाला, वरून चाल करून येणाऱ्या परग्रहवासीयांच्या फौजेला गोळ्या घालायचा गेम.

८०८० चा वेग २ मेगाहर्ट्झ. पडदा २५६ बाय २२४ ठिपक्यांचा, एका ठिपक्याला एक बिट, म्हणजे चित्रालाच ७ केबी मेमरी. चित्र थोडंसं सरकवायचं तर बिट सरकवावे लागतात, आणि ८०८० ला ते एका वेळी एकच बिट जमायचं. म्हणून बोर्डावर त्यासाठी वेगळं शिफ्टर सर्किट बसवलं. तरीही सगळी फौज एकदम हलवणं झेपेना. दर फ्रेमला, म्हणजे पडदा एकदा आखून होईपर्यंत, एकच शत्रू सरके. सुरुवातीला ५५ असतात, त्यामुळे सगळ्यांचं एक पाऊल पडायला जवळजवळ सेकंद लागतो. जसजसे ते मरतात तसतशी पाळी लवकर येते, आणि शेवटचा एकटा उरला की सुसाट सुटतो. घाम फोडणारा तो वेग मशीनच्या तोकडेपणातून आलाय. निशिकादोने तो ओळखून ठेवून दिला. रंगांचं म्हणाल तर पडदा काळा-पांढराच; रंग दिसायचे ते वर लावलेल्या सेलोफेनच्या पट्ट्यांमुळे.

आज 'स्पेस इन्व्हेडर्स' एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवणं सोपं आहे: रॉम (प्रोग्रॅम साठवलेली चिप) वाचायची, ८०८० ची नक्कल करायची. 'पाँग'मधून वाचण्यासारखी रॉमच नाही. तिथे एकूण एक चिप आणि तिची जोडणी सॉफ्टवेअरमध्ये उभी करावी लागते. दोन दांडे आणि एका ठिपक्याच्या खेळासाठी हे काम 'स्पेस इन्व्हेडर्स'पेक्षा कितीतरी जड पडतं.