जांभळ्या दगडावरच्या चंद्रकोरी

टम्बलर म्हणजे खडे, पाणी आणि घासायची पूड भरून दिवसेंदिवस फिरवत ठेवायचा डबा; त्यात खडे गुळगुळीत होतात. माझ्या टम्बलरचा पहिला घाणा अकीकचा होता आणि तो उत्तम उतरला. दुसऱ्या घाण्यात अकीकांसोबतच फ्लोराइट या जांभळ्या खनिजाचे पाच-सहा खडे टाकले. तीन आठवड्यांनी झाकण उघडलं तेव्हा अकीक झळकत होते, फ्लोराइट मात्र पांढुरके पडले होते, त्यांच्या कडा उडाल्या होत्या. एक खडा धुऊन भिंगाखाली धरला. त्याच्या अंगभर बारीक पांढऱ्या चंद्रकोरी उमटल्या होत्या, एकीवर एक चढलेल्या. वरून कितीही झिलई दिली तरी त्या जात नाहीत, कारण ते ओरखडे नसतात. त्या दगडात आत उतरलेल्या भेगा असतात.

दगड घासायचा म्हटलं की आपण आधी त्याची कठिनता बघतो. फ्रीडरिख मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या मापात शंखजिऱ्याला १, फ्लोराइटला ४, हिऱ्याला १०. अकीक सातच्या आसपास. पण कोण कोणावर ओरखडा काढतो, एवढंच हे माप सांगतं. घाव बसल्यावर दगड टिकेल का, हे त्याच्या चिवटपणावर ठरतं आणि तो गुणच वेगळा. हिरा हातोडीने फुटतो. नेफ्राइट जातीच्या जेडची कठिनता जेमतेम साडेसहा, पण त्याचे तंतू एकमेकांत विणलेले असल्यामुळे तो फुटता फुटत नाही. फ्लोराइट मऊही आहे आणि ठिसूळही. त्याच्या स्फटिकात काही ठिकाणी फ्लोरिनच्या थरासमोर फ्लोरिनचाच थर येतो. दोन्हींवर सारखाच ऋण भार, त्यामुळे तिथली पकड सैल. अशा सैल प्रतलांच्या चार दिशा त्यात आहेत. चीर एकदा त्या वाटेला लागली की सरळ धावते. खनिजशास्त्रात याला पाटन म्हणतात.

चंद्रकोरींचा उगम टकरीत आहे. काचेवर गोळी जोरात दाबली की दाबाच्या जागेभोवती कड्यासारखी भेग उमटते आणि शंकूच्या आकारात आत पसरते. अशा स्पर्शातल्या दाबाचं गणित हाइनरिख हर्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडलं होतं. घाव तिरका आणि घसटता असेल तर पूर्ण कडं उमटत नाही, त्याचा एक तुकडाच फाटतो. तीच आपली चंद्रकोर. पुढे १९२०च्या सुमारास ॲलन ग्रिफिथ यांनी दाखवून दिलं की ठिसूळ पदार्थाची ताकद त्यातल्या भेगांवर ठरते. भेग जितकी लांब तितका कमी ताण ती वाढायला पुरतो. म्हणजे प्रत्येक चंद्रकोर पुढच्या टकरीचं काम सोपं करून ठेवते.

मग टकरी कमी करायच्या कशा? फिरणाऱ्या डब्यात दगड भिंतीबरोबर वर चढतात आणि थराच्या उतारावरून खाली येतात. ते घसरत आले तर घासले जातात, उडून पडले तर आपटतात. वीस ग्रॅमचा खडा पाच सेंटिमीटरवरून पडला तर सुमारे ०.०१ जूल ऊर्जा मोकळी होते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण ती सगळी एका टोकावर येते. पंधरा सेंटिमीटर व्यासाचा डबा मिनिटाला साधारण १०९ फेऱ्यांनी फिरवला तर दगड भिंतीला चिकटूनच राहतील. त्याच्या खूप खाली, पंचवीस-तीस फेऱ्यांवर, थर शांतपणे घसरतो. मऊ दगडांना हाच वेग मानवतो.

पडणं टाळून घासायचं, ही युक्ती गुजरातेतल्या खंभातच्या अकीक कारागिरांना केव्हाची ठाऊक होती. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये तिचं वर्णन आहे. मणी, कुरुंदाची पूड आणि अकीकची अगदी बारीक भुकटी चामड्याच्या थैलीत भरायची, तोंड बांधायचं आणि दोन माणसांनी समोरासमोर बसून ती थैली इकडून तिकडे ओढत राहायची. दहा-पंधरा दिवस हे चालायचं, थैली पाण्याने ओली ठेवायची. थैलीला रिकामी पोकळी नसते, त्यामुळे मण्याला आपटायला जागाच मिळत नाही. मला ही कल्पना फार सुंदर वाटते.

घरच्या यंत्रातही तेच साधायचं. डबा तीन चतुर्थांश भरावा; दगड कमी पडले तर प्लास्टिकचा दाणा घालावा. दाण्यात पूड रुतून बसते, म्हणून भरड पुडीपासून बारीक पुडीपर्यंतच्या प्रत्येक टप्प्याचा दाणा वेगळा ठेवावा. भरणं बरोबर झालं की नाही ते कानाला कळतं: खडखड ऐकू आली तर दगड पडताहेत, सलग घरघर असेल तर घसरताहेत. रात्री झोपण्याआधी मी एकदा डब्याजवळ कान नेतोच. अकीकसोबत फ्लोराइट पुन्हा कधी घालायचा नाही, हे सांगायला नकोच. भरड पूडही वगळावी. सिलिकॉन कार्बाइडची २२० नंबरची पूड साधारण ६५ मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीची असते. फ्लोराइटला सुरुवातीला तीही पुष्कळ होते.

पाण्यात साखर घालण्याचा उपाय मला आधी पटला नव्हता. पण निम्मी साखर, निम्मं पाणी असं वजनाने घेतलं तर तो पाक साध्या पाण्याच्या पंधरा पट दाट होतो. दोन खडे एकमेकांवर येताना मधला द्रव बाजूला सरकावा लागतो, आणि दाट पाक लवकर सरकत नाही. त्या अवधीत खड्याचा वेग मरतो. घासणं मात्र चालूच राहतं, कारण पूडही पाकात तरंगून खड्यांच्या मध्ये टिकते.

शेवटच्या झिलईला ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी घ्यावी, आणि त्याआधी पाक पूर्ण धुऊन काढावा. फिरून फिरून डबा कोमट झालेला असतो. त्यावर नळाचं गार पाणी एकदम ओतू नये, फ्लोराइटला तडा जाऊ शकतो. धुण्याचं पाणी डब्याशेजारीच भरून ठेवावं आणि दोन्ही सारखं गार झालं की मगच झाकण उघडावं.