निळा धूर कुणाचा: टर्बोचा की इंजिनचा?

जुनी टर्बो पेट्रोल गाडी बघायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "थोडा धूर मारते, पण तो टर्बोचा आहे. इंजिन एकदम टकाटक." विकणाऱ्याला हे सोयीचं असतं, कारण टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बाहेरून बदलता येतो; इंजिन खोलायचं म्हटलं की घेणारा पाय मागे घेतो. घेणाऱ्याबरोबर आलेला मेकॅनिक मात्र बॉनेट उघडायच्या आधीच "रिंगा गेल्यात" म्हणून मोकळा होतो. दोघं बघत असतात तो निळा धूर एकच, म्हणजे कुठेतरी ऑइल जळतंय, आणि नुसत्या धुरावरून दोघांनाही काही ठरवता येत नाही.

उदाहरण म्हणून स्कोडाची पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस घेऊ. आपल्याकडे ती 2004 च्या सुमारास आली. 1.8 लिटरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच म्हणजे एकूण 20 व्हॉल्व्ह, टर्बो आणि 150 अश्वशक्ती. ऑक्टाव्हिया तेव्हा संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळवली जायची, त्यामुळे मराठवाड्यात या गाडीवर आजही जीव टाकणारी माणसं भेटतात. या गाड्या आता विशीत आहेत. त्यातली एखादी घ्यायची किंवा जपायची असेल, तर दमलेला टर्बो आणि झिजलेलं इंजिन यांतला फरक कळायलाच हवा.

इंजिन झिजतं म्हणजे मुख्यतः पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजतात. प्रत्येक पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन वायू अडवतात, तिसरी सिलिंडरच्या भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून खाली पाठवते. वरच्या दोन सैल झाल्या की जळते वायू पिस्टनच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या बंद पोकळीत, उतरतात. तिसरी चिकटली की ऑइल वर चढून जळतं.

टर्बोचं दुखणं वेगळं. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखापेक्षा जास्त फेरे मारतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल दाबाने आत येतं आणि खालच्या जाड नळीतून स्वतःच्या वजनाने संपमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, परततं. ज्याला आपण टर्बोचं "सील" म्हणतो, ते रबराचं नसतं. पिस्टनच्या रिंगेसारखी ती एक बारीक धातूची रिंग असते. ऑइल अडवण्यात तिच्याइतकाच वाटा दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबाचा आणि खालची नळी मोकळी असण्याचा असतो.

सगळा घोळ होतो तो इथेच. रिंगा झिजून क्रँककेसमध्ये दाब वाढला की टर्बोतून परतणाऱ्या ऑइलला खाली जागाच उरत नाही. ते टर्बोच्या पोटात साचतं आणि त्या बारीक रिंगेवरून बाहेर सांडतं. टर्बो उघडून बघितला तर ऑइलने माखलेला दिसतो, आणि दोष त्याच्या माथी येतो. रिंगा ठणठणीत असल्या तरी हेच घडू शकतं: क्रँककेसचे वायू बाहेर काढणारे ब्रीदरचे पाइप आणि त्यातला एकदिशा व्हॉल्व्ह काजळीने तुंबला तरी दाब तेवढाच वाढतो. या इंजिनात ते पाइप इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेच्या, खाली दडलेले असतात, वर्षानुवर्षं कुणाची नजर जात नाही, आणि जुने झाले की हातात मोडून येतात.

माझ्या मावसभावाने अशाच धुरापायी टर्बो बदलून घेतला. पंधरा दिवस गाडी स्वच्छ चालली, मग सिग्नलवर पुन्हा निळी. दोष नव्या टर्बोचाही नव्हता. आम्ही डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून तिच्या नळीच्या तोंडावर दवाखान्यातला पातळ रबरी हातमोजा ताणून बसवला आणि गाडी सुरू केली. (या गाडीत ते तोंड केशरी प्लॅस्टिकचं असतं, आणि इतक्या वर्षांनी इतकं ठिसूळ होतं की जरा जोरात धरलं तरी तुकडा पडतो.) ब्रीदर मोकळा असता तर मोजा आत ओढला गेला असता, निदान ढिला लोंबकळला असता. तो हळूहळू उभा राहिला, पाचही बोटं फुगली. ब्रीदरचे पाइप बदलल्यावर तोच मोजा नळीत ओढला गेला आणि धूर थांबला. पहिला टर्बो विनाकारण भंगारात गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून माझं म्हणणं असं की टर्बोला किंवा इंजिनला दोष देण्याआधी क्रँककेसचा दाब बघा. मोजा काही रुपयांत मिळतो.

धूर कधी येतो यावरून अंदाज बांधता येतो, अंदाजच. चढावर पाय दाबून धरल्यावर मागे सतत निळसर पट्टा दिसत असेल तर आधी रिंगांचा संशय घ्यावा. दोन-तीन मिनिटं सिग्नलला उभं राहून निघताना एकदम ढग सुटत असेल तर टर्बोच्या टर्बाइन बाजूचा, म्हणजे सायलेन्सरकडच्या टोकाचा. पण व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची सीलं कडक झाली तरी तोच ढग येतो. सकाळी पहिल्या स्टार्टला एक झुळूक निघून मग साफ होणं, किंवा खंडाळ्याचा घाट गिअरवर उतरून खाली ॲक्सिलरेटर दाबताच धूर येणं, ही बहुधा त्यांचीच कामं.

धुरापेक्षा प्लग, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग, जास्त सांगतात. टर्बाइन बाजूला गळालेलं ऑइल सिलिंडरमध्ये जातच नाही, थेट सायलेन्सरच्या वाटेला लागतं. मागून धूर आणि चारही प्लग कोरडे असतील तर टर्बोवरचा संशय पक्का होतो. चारही प्लग सारखेच ओलसर असतील तर ऑइल इनटेकमधून, म्हणजे टर्बोच्या हवा कोंबणाऱ्या कॉम्प्रेसर बाजूने किंवा ब्रीदरमधून येत असावं. एकच प्लग काळा आणि तेलकट निघाला तर दुखणं त्या सिलिंडरचं. टर्बो एकाच सिलिंडरला ऑइल पाजत नाही.

इंटरकूलरच्या (टर्बोतून येणारी हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात ऑइलचा पातळ थर दिसला म्हणून घाबरू नका. ब्रीदरची वाफ टर्बोच्या तोंडाशीच सोडलेली असते, थर बसणारच. पाइप उलटा केल्यावर ऑइल धारेने ओघळलं तर मात्र काळजीचं. शाफ्ट बोटांनी हलवून बघताना आडवा थोडा प्ले जाणवतो, तो असायलाच हवा, कारण ऑइलसाठी तेवढी फट ठेवलेली असते. पुढे-मागे सरकल्याचं बोटांना कळलं, किंवा पात्यांच्या कडा घरावर घासल्याच्या खुणा दिसल्या, तर तो टर्बो संपला.

गाडी ओढते कशी, यावर मात्र फार विसंबू नका. टर्बो हवा कोंबत असतो, त्यामुळे झिजलेलं इंजिनही एकदा बूस्ट, म्हणजे त्या कोंबलेल्या हवेचा दाब, आला की दमदार वाटतं. झीज दिसते ती बूस्टच्या आधी, कमी फेऱ्यांवरच्या मरगळीत आणि आयडलच्या थरथरीत. उलट आयडल गुळगुळीत आणि वरची ओढ गायब असेल, तर फाटलेला होज किंवा बूस्ट सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा फाटका पडदा आधी शोधावा. तिथे इंजिनही निर्दोष असतं आणि टर्बोही.

आता गेजकडे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा दाबून किती दाब तयार करतो ते, बघायचं तर इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, इंधन आणि ठिणगी बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी तगडी हवी. या इंजिनासाठी नवेपणी 9 ते 14 बार, झिजेची मर्यादा 7 बार, आणि सिलिंडरांमध्ये जास्तीत जास्त 3 बारचा फरक, असे कारखान्याचे आकडे आहेत. मी चौघांतला सारखेपणा आधी बघतो. काट्याची चालही बघतो: चांगला सिलिंडर पहिल्या ठोक्यातच मोठी उडी मारतो, झिजलेला पायरी पायरीने चढतो. आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. वाढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह.

याहून पक्की परीक्षा म्हणजे लीक-डाउन. पिस्टन कॉम्प्रेशनच्या सगळ्यात वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून साधारण 7 बार हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. हवेच्या दाबाने क्रँक झटक्यात फिरू शकतो, म्हणून हात बेल्टपासून लांब. मग कान लावायचा. फुसफुस ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, कूलंटच्या बाटलीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. झाकणातून थोडी हवा नव्या इंजिनातही येते. 10 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, विशीतल्या गाडीत 15 ते 20 असेल तरी मी घाबरणार नाही. एकच सिलिंडर 30 च्या पुढे गेला तर इंजिनकामाचा खर्च धरूनच भाव करा.

एक कोडं तरीही उरतं. मोजा फुगत नाही, टर्बो कोरडा, कॉम्प्रेशन छान, लीक-डाउन छान, आणि गाडी हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खाते. उत्पादकाच्या पुस्तकात अर्ध्या लिटरपर्यंतची मुभा आहे, हे त्याच्या दुप्पट झालं. या दोन्ही परीक्षा वरच्या दोन रिंगांची गाठ घेतात. तिसरी, ऑइल खरवडणारी, त्यांना दिसतच नाही. ती काजळीत चिकटलेली असेल किंवा व्हॉल्व्हची सीलं गेली असतील. आधी सीलं बदलून बघावीत, कारण त्यासाठी हेड उतरवावं लागत नाही.