गुप्तधनखुणा

गुप्तधनखुणा : जमिनीत पुरलेल्या धनाच्या शोधात दगडावरील कोरीव चिन्हे, आकृत्या आणि अक्षरे यांना ‘खूण’ मानून त्यांवरून धनाची जागा, दिशा व खोली ठरविण्याची प्रथा. हिंदी भाषक प्रदेशांत अशा लेखाला ‘बीजक’ म्हणतात. मराठी मुलखात खूण, ठेव, हंडा, राखणदार हे शब्द रूढ आहेत. खुणेचे वाचन तोंडी चालते, गावागणिक बदलते आणि बहुधा खणण्याच्या रात्रीपुरतेच असते. खूण म्हणून ज्या शिळा दाखविल्या जातात त्या मात्र चांगल्या ओळखीच्या आहेत : वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराची स्मृतिशिळा), सतीशिळा, दानलेख आणि सर्वांत जास्त गैरसमज वाट्याला आलेली गधेगाळ.

गधेगाळ ही दान मोडणाऱ्याला शाप देणारी उभी शिळा असते. माथ्यावर चंद्र-सूर्य, क्वचित कलश. मध्ये लेख किंवा कोरी जागा. खाली स्त्री व गाढव यांची संभोगाकृती. चंद्र-सूर्य म्हणजे ‘आचंद्रार्क’, अर्थात ते आकाशात असेपर्यंत दान टिकावे, ही राजशासनातली (राजाच्या दानपत्रातली) ठरीव कल्पना. खणणारे याच जोडीत दिशा आणि वेळ शोधतात. खालच्या आकृतीचा अर्थ परळ (मुंबई) येथील शिलाहार राजा अपरादित्याच्या शके ११०८ (इ. स. ११८७) मधील लेखाने स्पष्ट होतो. त्याच्या शेवटच्या मराठी भागात, हे शासन जो लोपील त्याच्यावर वैद्यनाथ देवाचा कोप सकुटुंब पडो, असे म्हणून पुढे त्याच्या आईला गाढवाची शिवी दिली आहे. चित्र म्हणजे तीच शिवी, अक्षर न येणाऱ्यांसाठी कोरलेली. काही अभ्यासक आकृतीतील स्त्रीला भूमी मानतात आणि दान मोडणाऱ्याची जमीन गाढवाच्या नांगराने नापीक व्हावी असा अर्थ लावतात. काहींनी सुफलन-विधीशीही तिचा संबंध जोडला आहे. परळचा लेख इतका उघड बोलत असता हे दोन्ही अर्थ दुय्यम ठरतात.

नावाविषयीही मतभेद आहे. ‘वीरगळ’ मधील ‘गळ’ कन्नड ‘कल्लु’ (दगड) पासून आला, हे सर्वमान्य आहे. त्या धर्तीवर ‘गद्धेगळ’ असे रूप लिहून गाढवाचा दगड असा अर्थ घेतला जातो. ‘गाळ’ म्हणजे गाली, शिवी, ही व्युत्पत्ती शिळेच्या प्रयोजनाशी अधिक जुळते. म्हणून येथे ‘गधेगाळ’ हे रूप स्वीकारले आहे.

गधेगाळ कोरण्याची प्रथा किती जुनी, हा प्रश्न अलिबागजवळच्या आक्षी येथील शिलाहार राजा केशिदेवाच्या गधेगाळीवरील लेखाच्या कालनिर्णयावर बराचसा अवलंबून आहे. शिलालेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी त्याचे साल शके ९३४ (इ. स. १०१२) असे वाचले, त्या वाचनामुळे तो मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो. दुसरे वाचन शके ११३२ असे असून ते मानले तर राजा दुसरा केशिदेव ठरतो आणि लेख सुमारे दोनशे वर्षांनी अलीकडे येतो. लेखातील संवत्सराचे (साठ वर्षांच्या चक्रातील वर्षाचे) नाव ‘प्रधावी’, म्हणजे परिधावी, असे वाचण्यात आले आहे. दक्षिणी गणनेने परिधावी संवत्सर शके ९३४ मध्ये येतो, शके ११३२ मध्ये येत नाही. संवत्सराचे वाचन बरोबर असेल तर जुने साल अधिक सयुक्तिक वाटते. झिजलेल्या दगडावरचे दोन-तीन अंक दोनशे वर्षांचा फरक पाडतात, हे खुणा वाचणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

शाप कोरलेल्या शिळेखाली धन असते ही समजूत कशी झाली असावी, याचा तर्क करता येतो. जिथे एवढी दमदाटी तिथे राखण्याजोगे काही असणारच, असे लोकांना वाटले. राखण होती, पण ती जमिनीच्या हक्काची. शिवाय जुन्या दानपत्रांत आणि मराठेशाहीतल्या इनामपत्रांत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण यांबरोबर ‘निधिनिक्षेप’ हा शब्द येतो. जमिनीत पुढे कधी धन निघाले तर तेही दान घेणाऱ्याचे, एवढाच त्याचा अर्थ. लेखात ‘निधि’ हे अक्षर दिसले की कुदळ उचलली जाते.

धन दिसण्यासाठी पायाळू (पायाकडून जन्मलेला) माणूस लागतो आणि त्याच्या डोळ्यांत अंजन घालावे लागते, ही धारणाही जुनी आहे. अंजनाने डोळ्यांना भूमीतला महानिधी दिसू लागतो, हा दृष्टान्त ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात येतो. म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीस ती कल्पना श्रोत्यांच्या परिचयाची होती.

विदर्भात खुणा आणखी प्राचीन दगडांवर आहेत. नागपूरजवळील जुनापाणी येथे सुमारे ३०० शिलावर्तुळे असून त्यांच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेले आहेत. इंग्रज अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी १८७९ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. वर्तुळे लोहयुगीन दफनांची असून त्यांचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. पहिले सहस्रक मानतात. खळग्यांचा अर्थ वादग्रस्त आहे. त्यांच्या ओळींच्या दिशांवरून खगोलीय संबंध सुचविला गेला आहे, पण विधीचा भाग मानणे अधिक सुरक्षित. अशा दफनांत लोखंडी हत्यारे, काळी-तांबडी भांडी, मणी निघतात. याखेरीज पाथरवटांच्या खुणा, लेण्यांच्या जमिनीवर कोरलेले नवकंकरीचे (सोंगट्यांच्या एका खेळाचे) पट आणि इंग्रजी अमदानीतील सर्वेक्षणाचे बाणाचे चिन्ह यांनाही खुणांचा मान मिळतो.

प्रत्यक्षात सापडलेले मोठे साठे खुणा वाचून मिळालेले नाहीत. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप उमटविला होता. दायमाबादची (अहमदनगर, आता अहिल्यानगर जिल्हा) चार ब्राँझ शिल्पे १९७४ मध्ये झुडपाचे मूळ खणताना निघाली.

कौटिल्याने निधीची वर्दी देणाऱ्यास सहावा आणि तो नोकर असल्यास बारावा हिस्सा सांगितला आहे. आज भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू असून दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. मूळ मालक न निघाल्यास आणि वेगळा करार नसल्यास तीन-चतुर्थांश शोधणाऱ्याला व एक-चतुर्थांश जागेच्या मालकाला मिळते. धनासाठी अघोरी कृत्य किंवा नरबळी हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा असून शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आहे. या समजुतीची भीषणता मानवत (परभणी जिल्हा) येथील १९७२ ते १९७४ मधील हत्यासत्राने राज्याला दाखविली.

खणणाऱ्यांनी उपटलेली शिळा बहुधा फुटत नाही. आडवी होते, मग कुणाच्या तरी बांधाला किंवा देवळाच्या पायरीला लागते. नुकसान जागेचे होते. दानलेखातील ‘या शेताची पूर्वसीमा’ हे शब्द शिळा जिथे रोवली होती तिथेच खरे असतात. म्हणून अशी शिळा दिसल्यास ती न हलविता, शेंदूर न खरवडता, अंधारात विजेरी बाजूने आडवी धरून पाहावी. उजेड तिरका पडला की भरलेल्या अक्षरांच्या कडांना सावली येते आणि दिवसा सपाट वाटणाऱ्या दगडावर ओळी उभ्या राहतात. त्याच स्थितीत काढलेले छायाचित्र वाचनासाठी बहुधा पुरेसे होते.